दुःखातून सावरण्यावर चित्रमालिका: मारबत, हळद, राख, वर्ख. नेमकं कुठं चुकतंय?

पळसपान

नमस्कार मंडळी. पाच कॅनव्हासची मालिका करायला घेतली आहे. प्रत्येक कॅनव्हास ३० बाय ३६ इंच, माध्यम अ‍ॅक्रिलिक. विषय असा की जवळचं माणूस गेल्यावर मागे राहिलेला हळूहळू सावरतो, तो काळ. प्रदर्शन नागपुरातच, पोळ्याच्या सुमारास. सगळं काम मे आणि जूनमध्ये, कूलरच्या खोलीत.

आराखडा असा: पहिल्यात फुटलेल्या बांगड्या, दुसऱ्यात काळी मारबत (नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळतात तो पुतळा), तिसऱ्यात पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी, चौथ्यात कमळ, पाचव्यात तडे गेलेला चेहरा आणि त्या तड्यांमध्ये सोनेरी वर्ख, फुटलेली भांडी सोन्यानं सांधायच्या जपानी किंत्सुगीसारखा.

अडचणी:
– कच्ची रेखाटनं पाहून लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. प्रतीकं पोचत नाहीत.
– हळद आणि राख प्रत्यक्ष रंगात मिसळायची आहे. चाचणीच्या कागदावर दोन्ही एकत्र केली तर पट्टा विटकरी लाल झाला. असं का?
– जुन्या सुती आणि रेशमी साड्यांचे तुकडे, हातानं लिहिलेली पत्रं कॅनव्हासवर चिकटवायची आहेत. टिकतील का?
– वर्ख लावायची पद्धत सांगा. दोन पानं वाया गेली.

महालचा_चितारी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचे तीन त्यावर अवलंबून आहेत.

तुमच्या यादीत पाच नामं आहेत, क्रियापद एकही नाही. बांगड्या, मारबत, पक्षी, कमळ, चेहरा. बघणारा प्रत्येकाचा ठरलेला अर्थ लावतो आणि मोकळा होतो, म्हणून तर ‘छान आहे’. फुटलेला हिरवा चुडा दिसला की मराठी माणूस एका क्षणात ‘वैधव्य’ म्हणतो. मग ते चित्र वडील गेलेल्या मुलीचं किंवा मित्र गमावलेल्याचं उरतच नाही. कमळाचंही तसंच. नागपुरात ते आधी निवडणूक चिन्ह असतं, नंतर फूल. पिंपळपान घ्याल तर ते बोधिवृक्षाचं होईल. निळ्यावर पांढरं घ्याल तर दीक्षाभूमी आठवेल. हे अर्थ वाईट नाहीत, पण तुमचे नाहीत, आणि ते तुमच्या अर्थापेक्षा मोठ्यानं बोलतात.

मारबतीचं जरा सविस्तर. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. दोघींचा भाव वेगळा आहे. काळीचा संबंध लोक भोसले घराण्यातल्या, इंग्रजांना सामील झाल्या म्हणतात त्या बांकाबाईंशी जोडतात, म्हणजे तिच्याकडे फितुरीचा राग जातो. पिवळीकडे रोगराईपासून राखणारी म्हणून लेकरांना घेऊन दर्शनाला जातात, आणि तिलाही शेवटी जाळतातच. दुःखाच्या मालिकेत काळी ठेवली तर इथला माणूस विचारणार, राग कोणावर आहे? शिवाय मारबत म्हटली की सोबत बडगे (टिंगलीचे पुतळे) आले, त्यांच्या गळ्यातल्या पाट्या आल्या, हसणं आलं. तान्ह्या पोळ्याचा तो गोंगाट चित्रात आपोआप शिरतो.

मारबत ठेवायचीच असेल तर पुतळा काढू नका. ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ यातलं ‘घेऊन जा’ काढा. म्हणजे जळून गेल्यावर उरलेल्या बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, अर्धवट जळालेला पिवळा कागद, चिखलात उमटलेली खूप पावलं. सगळी पावलं एकाच दिशेनं जाणारी, एक जोडी उलट्या दिशेची. बघणारा तिथं थांबेल, कारण आता त्याला काहीतरी जुळवावं लागेल.

करायचं कसं: दोन बाय अडीच इंचाची वीस लघुचित्रं, फक्त तीन छटा (गडद, मधली, उजेड), रंग नाही. प्रत्येकाखाली एकच क्रियापद लिहा: धरतो, सोडतो, खरवडतो, झाकतो, वाट पाहतो. ज्याखाली क्रियापद लिहिता येत नाही ते फेकून द्या. उरलेली पाच-सहा चार वेगवेगळ्या माणसांना शीर्षक न सांगता दाखवा. ‘काय दिसतंय’ विचारू नका, ‘इथं काय चाललंय’ विचारा. चारही जणांनी अगदी एकच उत्तर दिलं तर प्रतीक शिळं आहे. चौघांची उत्तरं एकमेकांपासून फार लांब गेली तर ते तुमचं खासगी आहे. उत्तरं शेजारशेजारची आली तर घ्या.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याबद्दल काही लिहित नाही. तुम्हीच समजून घ्या.

डबा_क्रमांक_४२

साहित्याचं मी सांगतो.

हळद लाल का झाली: हळदीतलं कर्क्युमिन क्षाराला लागलं की लाल होतं. राख क्षारयुक्त, म्हणून विटकरी पट्टा. कुंकू पूर्वी हळदीला चुना लावूनच करत, तीच ही क्रिया. दुसरं म्हणजे अ‍ॅक्रिलिकचं माध्यमसुद्धा किंचित क्षारीय असतं, त्यामुळे राख नसली तरी हळद त्यात नारिंगीकडे झुकते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. हळद उन्हात उडते. खिडकीजवळ टांगलेल्या चित्रात काही आठवड्यांतच फिकी पडते. वरून वार्निश दिलं तरी थोडा उशीर होतो, थांबत नाही. चित्र विकायचं असेल तर हळद नको. पिवळा हवा असेल तर पी वाय ४२ (कृत्रिम यलो ऑकर) चा थर द्या, तो वाळल्यावर वरून पी वाय ७४ चा पातळ पारदर्शक थर. पहिला मातकट, दुसरा लखलखीत. दोन्ही मिळून हळदीच्या हातासारखा पिवळा येतो. ट्यूबवर नाव काहीही असो, मागे छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक बघून घ्या. नाव कंपनीचं असतं, क्रमांक रंगाचा.

राख चालते, पण धुतल्याशिवाय नाही. न धुतलेल्या राखेत विरघळणारे क्षार असतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की ते पृष्ठभागावर पांढऱ्या बुरशीसारखे फुटून येतात. लोक त्याला बुरशीच समजतात आणि पुसत बसतात. पद्धत:

राख मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. बादलीत दहापट पाण्यात ढवळा, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी ओता. असं चार-पाच वेळा. बोटांना साबणासारखा बुळबुळीतपणा लागतोय तोवर क्षार शिल्लक आहे. नेमकं पाहायचं तर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर त्या पाण्याचा थेंब टाका. पट्टी लाल झाली तर अजून एक धुणं. पिवळीच राहिली की राख उन्हात वाळवून कुटा. एक भाग राख, तीन भाग मॅट मीडियम (अ‍ॅक्रिलिकचं बिनचमकीचं, बिनरंगाचं माध्यम). यापेक्षा जास्त राख घातली तर थर ठिसूळ होतो आणि बोट फिरवलं की भुकटी सुटते.

म्हणजे हळद चित्रात घ्यायची नाही, राख तपासायला ठेवायची.

काळा थेट ट्यूबमधून घेऊ नका, दुःखाच्या चित्रात तर नाहीच. दोन भाग अल्ट्रामरीन, एक भाग बर्न्ट अंबर. हा अंधार निळा किंवा तपकिरी करता येतो. ट्यूबमधला काळा फक्त काळा असतो.

साडी: आधी कोमट पाण्यात धुवा, खळ निघू द्या. ओल्या पांढऱ्या रुमालानं घासून बघा. राणी, मरून, गडद हिरवा हमखास उतरतात. उतरला तर तो तुकडा बाद, कारण ओल्या जेलमध्ये तो रंग शेजारच्या पांढऱ्यात पसरणारच. सुती कापड जाडसर अ‍ॅक्रिलिक जेलनं नीट बसतं: खाली थर, कापड, रबरी रोलर मधून बाहेरच्या दिशेनं, वर पुन्हा थर. कडा जेलमध्ये बुडाल्याच पाहिजेत, नाहीतर धागे सुटतात. रेशीम जेलखाली ओलं दिसतं, ती चमक जाते. आजकालच्या बऱ्याच जरीत तांबं असतं, ती काळी पडते. जरीचा काठ काढून ठेवा किंवा काळा पडणार हे धरूनच वापरा.

पत्रं: मूळ पत्र चिकटवू नका. बॉलपेन, शाईपेन, दोन्ही पाण्याच्या माध्यमात फुटतात, आणि एकदा चिकटवलेलं परत सुटत नाही. लेझर प्रिंटरवर पातळ कागदाची झेरॉक्स काढा. टोनर पाण्यानं फुटत नाही. इंकजेटची प्रत नको, ती फुटते.

काटोल_रोड

महालकर भाऊंनी क्रियापद मागितलं. एक संत्र्याच्या बागेतून घ्या. नागपूर म्हणजे संत्रं हे इतकं घासून गुळगुळीत झालंय की फळाकडं कोणी बघत नाही. पण फळ नको, खोड बघा.

डिंक्या नावाचा रोग येतो. खोडातून, बहुतेक जमिनीच्या जवळ, मधाच्या रंगाचा डिंक गळतो. साल सडते. त्यावर जे करतात ते असं: धारदार चाकूनं डिंक आणि सडलेली साल निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडायची. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं धुवायची. मग बोर्डो मलम लावायचा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवतात, आणि भांडं लोखंडाचं चालत नाही. मलम जमला का हे बघायला त्यात लोखंडी पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालं, अजून चुना पाहिजे. हा मलम जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावतात, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. मेच्या शेवटी काटोल, नरखेड, वरूडकडं जा, रांगेनं निळसर पांढरे पाय असलेली झाडं उभी दिसतील.

हे चित्रकाराच्या कामाचं का? कारण इथं जखमेवर अक्षरशः रंग लावला जातो, ब्रशनं. आणि दुसरी गोष्ट, झाडाची जखम माणसाच्या कातडीसारखी भरून येत नाही. खराब झालेली पेशी झाड दुरुस्त करत नाही, तो भाग आतून बंद करतं आणि कडेनं नवीन लाकूड चढवतं. वर्षानुवर्षं ती कड जाड होत जाते. आत पोकळी किंवा जुनं लाकूड तसंच असतं. सावरणं म्हणजे हेच असेल तर पाच चित्रांत पाच प्रतीकं कशाला? एकच खोड, तीच क्षितिजरेषा, पाच अवस्था: गळतं, खरवडलं जातं, लेप लागतो, नुसतं उभं असतं, कड चढते.

चौथं सगळ्यात कठीण. तिथं काहीच घडत नाही. मे महिन्याचं पांढरं ऊन, झाड, बस्स. ते गाळू नका.

डिंक रंगवायला: पारदर्शक, सपाट पसरणारं जेल घ्या, त्यात पारदर्शक लोह ऑक्साइड लाल (पी आर १०१) अगदी थोडा. ओलं असताना दुधाळ दिसतं, घाबरू नका, वाळलं की मधासारखं होतं. दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम ओतू नका. नागपूरच्या मेमध्ये वरची साय आधी वाळते, आतलं ओलं राहतं, आणि मग ते आक्रसताना वरचा थर फाटतो.

बहाराचंही प्रतीक आहे. पाणी तोडून झाडाला ताण देतात, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. मग पाणी दिलं की झाड फुलतं. तेही घेता येईल.

मनाचा_कोपरा

काटोल रोड भाऊंचं खोड पटलं. ताणाला मात्र साफ विरोध.

ताण देऊन बहार धरणं म्हणजे फळासाठी मुद्दाम दिलेला त्रास. शोकाच्या मालिकेत ते आलं की चित्र म्हणतं, तुला हे दुःख झालं ते तू फुलावास म्हणून. ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांना हे ऐकवायला आधीच बरेच लोक येऊन गेलेले असतात. आणि खरं तर ताण लांबला तर पानं गळतात, फांद्या वाळतात, बागायतदारालाही ते माहीत असतं. किंत्सुगीवरही माझा आक्षेप तोच आहे. तड्यात सोनं भरलं की तडा दागिना होतो. कधी कधी तडा नुसता तडाच असतो.

मोठ्या चित्रकारांकडे बघा. फ्रिडा काहलोनं १९४४ मध्ये ‘द ब्रोकन कॉलम’ रंगवलं. मणक्याच्या जागी तडकलेला दगडी खांब, अंगभर खिळे, पट्ट्यांचा कमरपट्टा, डोळ्यांत पाणी, मागं भेगाळलेली जमीन. बरं होण्याची एकही खूण नाही, तरी ती सरळ उभी आहे आणि थेट आपल्याकडे बघते आहे. एडवर्ड मुंकची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयानं गेली. त्यानं ‘द सिक चाइल्ड’ १८८५-८६ मध्ये रंगवलं आणि नंतर चाळीस वर्षांत तोच विषय रंगात एकूण सहा वेळा केला. पहिल्या चित्रात रंग चढवून पुन्हा खरवडलेला आहे, ओरखडे दिसतात. वरच्या खोडाच्या दुसऱ्या अवस्थेला हे तंत्र चपखल बसेल: रंगवा, अर्धवट वाळू द्या, पॅलेट नाईफनं खालच्या थरापर्यंत खरवडा.

आता प्रदर्शनाचं. माहितीपत्रकात ‘ही चित्रं उपचार करतात’ असं लिहू नका. कला-उपचार हे प्रशिक्षित माणसानं समोर बसून करायचं काम आहे, भिंतीवरचं चित्र म्हणजे ते नव्हे. ‘सावरण्याच्या काळाबद्दलची चित्रं’ एवढं पुरे. पत्रं दुसऱ्या कोणाची असतील तर लेखी परवानगी घ्या, आणि परवानगी देणाऱ्याला चित्र लागायच्या आधी दाखवा. नाव-पत्ता वाचता येईल असा मजकूर झाका. सगळ्यात जड चित्र दारासमोरच्या भिंतीवर नको, आत शिरणाऱ्याला वळायला जागा हवी. एक बाक ठेवा. बाहेरच्या टेबलावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

डबा_क्रमांक_४२

वर्खाचं राहिलं न. तो पाचव्या चित्रात राहतो की जातो ते तुमचं तुम्ही ठरवा, पण पानं वाया का गेली ते सांगतो: कूलर.

वर्खाचं पान श्वासानंसुद्धा उडतं. कूलर आणि पंखा दोन्ही बंद करा, म्हणजे हे काम पहाटे पाच ते सातच्या आत उरकायचं. पाण्यावर आधारलेला वर्खाचा डिंक पातळ लावा. तो आधी दुधाळ असतो, पारदर्शक झाला की चिकट झाला. डब्यावर पंधरा-वीस मिनिटं लिहिलेली असली तरी आपल्याकडे मेमध्ये त्याच्या आधीच तयार होतो. बोटाची मागची बाजू टेकवून बघा. टक् आवाज येऊन सुटलं, बोटाला काही लागलं नाही, तर पान ठेवा. बोटाला ओलं लागलं तर थांबा, नाहीतर पान बुडतं आणि चमक मरते. वरून मऊ ब्रशनं दाबा, जास्तीचं झटका.

बाजारात स्वस्त मिळतो तो वर्ख सोन्याचा नसतो, तांबं-जस्ताचा मिश्रधातू असतो. उघडा राहिला तर काळपट, हिरवट होतो, आणि सगळ्यात आधी बोटांचे ठसे उमटतात. सुती हातमोजे घाला, दुसऱ्या दिवशी वार्निश द्या. खऱ्या सोन्याच्या पानाला वार्निश लागत नाही.

कूलरमुळे अजून एक होतं: बारीक धूळ ओल्या रंगावर बसते. कूलरच्या झोतासमोर इझल नको, काटकोनात ठेवा. पॅलेटसाठी स्टीलच्या ताटात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. नाहीतर काढलेला रंग पाच मिनिटांत साय धरतो. रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं द्रव्य) घालत असाल तर दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका, थर चिकटच राहतो. आणि अंतिम वार्निश भर पावसात देऊ नका, पांढुरकं धुकं धरतं. दोन-तीन कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबा.

पळसपान

सगळ्यांचे आभार. बांगड्या, पक्षी, कमळ, वर्ख गेले. खोड घेतलं. मारबत स्वतंत्र चित्र म्हणून वेगळी करते, कामट्यांसह. एकच विचारायचं: तिसऱ्या चित्रात खरा बोर्डो मलमच कॅनव्हासवर लावला तर? साहित्य आणि अर्थ एकच होतील.

डबा_क्रमांक_४२

नको ताई. मोरचूद विषारी, आणि तांब्याचे क्षार कापसाच्या धाग्याला हळूहळू खातात. काही वर्षांनी कॅनव्हास तिथंच फाटेल.

रंगानं करा. टायटॅनियम पांढरा दहा भाग, थॅलो निळा (पी बी १५:३) अर्ध्या भागापेक्षाही कमी, रॉ अंबर चिमूटभर. थॅलो फार जहाल असतो, त्याच्यात पांढरा घालू नका, पांढऱ्यात तो टोकानं घाला. खडूसारखा कोरडेपणा हवा असेल तर व्हायटिंगची (खडूची) पूड आणि मॅट मीडियम सारख्या प्रमाणात घेऊन त्या रंगात मिसळा. दोन इंची रंगाऱ्याचा ब्रश घ्या, जुना, केस झडलेला.

काटोल_रोड

आणि वरची कड सरळ रेषेत संपवू नका. बागेत मजूर भराभर लावत जातो, प्रत्येक झाडावर मलम वेगळ्या उंचीला थांबतो आणि तिथून दोन-चार ओघळ खाली येतात. कलमाचा सांधाही दाखवा, जमिनीपासून वीतभर वर, जिथं जंबेरीचा खुंट संपतो आणि संत्रं सुरू होतं. तिथं सालीचा पोत बदलतो, खाली खरबरीत, वर जरा गुळगुळीत. मलम त्याच्याही वर गेला पाहिजे.